गुणवंतरावांच्या लाटा

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. गुणवंत टिळेकरांच्या पाठीमागचा ब्रह्मराक्षस मात्र पगारी होता. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या पाइपांच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर. कुठून काय पडेल, कोण कशात अडकेल, कशाचा भडका उडेल, याची दिवसभर काळजी करायची आणि त्याबद्दल कंपनीने महिन्याच्या शेवटी पगार द्यायचा. आता सांगा, अशा माणसाने संध्याकाळी घरी येताना भीती चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवावी तरी कशी?

घरात गॅसचा कॉक तेच बंद करणार, आणि बंद केलेला पुन्हा जाऊन बघणार. शारजातल्या रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की लावलेला सीट बेल्ट चाचपून बघणार. इतक्या वर्षांत एक चलान नाही, एक मेमो नाही, तरी एअरपोर्टवर पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत यांचा जीव टांगणीला. "लोक दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात," त्यांच्या पत्नी छायाताई म्हणायच्या, "आमचे हे दूध न पिताच फुंकत बसलेत." छायाताई दुबईत ऊद मेथातल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. बाई धीराची, हिशोबाला पक्की, नवऱ्याला हसत हसत सांभाळून घेणारी.

असा माणूस ढोल-ताशा पथकात कसा काय शिरला, असं तुम्ही विचाराल. मुलीपायी शिरला. मैथिली, एकुलती एक, जन्म दुबईचा, बोलणं निम्मं-अधिक इंग्रजी. पण आठवीत असताना तिने पहिल्यांदा ताशाच्या काड्या हातात धरल्या आणि पोरीचं काहीतरी वेगळंच झालं. तिची तर्री, म्हणजे ताशावरचा तो सलग कडकडाट, ऐकून पथकप्रमुख सुजीत, जो कुणाचं सहसा कौतुक करत नाही, तो नुसता "आयला!" एवढंच म्हणाला. मग काय, दर शुक्रवारी सजा इंडस्ट्रियल एरियातल्या पत्र्याच्या गोडाउनमध्ये सराव, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून गुणवंतराव. येताना सगळ्यांसाठी कानात घालायचे बोळे घेऊन यायचे. कुणी घालायचं नाही.

पुढे पुढे पथकाच्या परवानग्यांची कामं आपसूक त्यांच्याकडे आली. ज्याला सगळ्या गोष्टींची भीती वाटते तो सगळी कलमं वाचतो, हे सुजीतने बरोब्बर हेरलं होतं.

त्या वर्षी डिसेंबरातल्या एका मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. फुटबॉलचं मैदान, चारी बाजूंना प्रेक्षक, आणि मध्ये प्रत्येक पथकाने वाजवत, चालत, आकार करत एक गोष्ट उभी करायची. नुसती मिरवणूक नाही चालणार, थीम पाहिजे, आणि थीमचा इथल्या मातीशी काहीतरी संबंध पाहिजे. ती ठरवायला सगळे गुणवंतरावांच्या हॉलमध्ये जमले. छायाताईंनी मिसळ केली होती.

"राज्याभिषेक करू," सुजीत म्हणाला. "मध्ये ध्वज नाचवायचा, शेवटी महाराजांची गारद. अंगावर काटा येतो लोकांच्या."

गुणवंतरावांच्या अंगावर आधीच आला होता. "अरे बाबा, ध्वज नको. कागदावर स्वच्छ लिहिलंय, मंजूर केलेल्या कार्यक्रमाबाहेर एक झेंडा नाही, एक घोषणा नाही. खाली सही माझी आहे! उद्या कुणी बोट दाखवलं तर व्हिसा कुणाचा जाईल?"

"गुणवंतदादा, गारद म्हणजे घोषणा थोडीच?"

"मग काय अंगाई आहे?"

सगळे हसले. मैथिली मात्र हसली नाही. ती मिसळीत पाव बुडवत म्हणाली, "पर्ल डायव्हर्स करू या ना. इथले लोक पूर्वी मोती काढायला समुद्रात बुडी मारायचे, शाळेत आम्ही दरवर्षी शिकतो. इट्स देअर स्टोरी. आणि कोळी लोक पण समुद्रात जातात, सो इट्स अवर स्टोरी टू."

मग ती सांगत गेली आणि बाकीचे खाता खाता थांबले. ढोल म्हणजे समुद्र. सुरुवातीला वल्ही मारल्यासारखा संथ ठेका, झांजा म्हणजे पाण्यावरचं ऊन. मग मैदानाच्या मध्ये एक मोठं निळं कापड पसरायचं, लहान मुलांनी कडा धरायच्या. ताशा म्हणजे पाणबुड्या. तो कापडाखाली जातो. आणि मग सगळं बंद. एकही ढोल नाही, काही नाही. खाली त्याने श्वास धरलाय, म्हणून वर सगळ्यांनी धरायचा. लोकांना वाटलं पाहिजे की आता हा वर येत नाही. आणि मग खालून तर्री!

"आणि तर्री आली की सगळे ढोल एकदम," सुजीत हळूच म्हणाला. पथकाचा नियमच तो. ताशाने इशारा दिल्याशिवाय ढोलाला हात नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. ज्याने हा नियम मोडला त्याला सुजीतने पथकातून काढलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

"कापडाखाली कोण?" गुणवंतरावांनी विचारलं. उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"मी. ऑब्व्हियसली," मैथिली म्हणाली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. सकाळी उठून त्यांनी पहिलं फर्मान काढलं: नायलॉनचं कापड अजिबात नाही, पेट घेतलं तर वितळून कातडीला चिकटतं. सुती पाहिजे. जाड मांजरपाट घेऊन निळा रंगवला. सहाशे दिरहम झाले, म्हणजे चौदा-पंधरा हजार रुपये की हो, असं सुजीत ओरडला, पण गुणवंतराव हटले नाहीत. आणि बोलायला जागा नव्हती, कापड झकास झालं. गोडाउनमध्ये पोरं ते हवेत उडवायची, ते फुगायचं, आणि मैथिली खाली बसली तरी तिच्या डोक्यावर तंबूसारखं थोडा वेळ तरंगत राहायचं.

भानगड झाली ती शांततेची. एका शुक्रवारी सगळे ढोल थांबलेले, गोडाउन चिडीचूप, तर्रीची वाट बघतायत, आणि ढोलवाल्या अनिलला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने त्या शांततेत खड्या आवाजात गारदेचा पहिला शब्द ठोकला! की बाकीच्या सगळ्यांनी छताचे पत्रे हादरतील असा पुढचा उचलला. सवयच ती. मराठी पथक, शांतता आणि ढोलावर उगारलेलं टिपरू, मग तोंडातून दुसरं काय निघणार?

पोरं हसून हसून लोळली. गुणवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मैदानावर असं झालं तर? हजारो माणसं, कॅमेरे, समोर पाहुणे. व्हिडिओ तासाभरात गावभर. खाली सही कुणाची? टिळेकरांची. नोकरी जाईल, घर जाईल, पोरीचं बारावीचं वर्ष. त्यांना डोळ्यांसमोर भरलेल्या बॅगा दिसायला लागल्या.

"शांतता नकोच," ते म्हणाले. "तिथे लाटांचा आवाज लावू. रेकॉर्डेड. स्पीकरवर, चांगला मोठा. रिकामी जागाच ठेवायची नाही."

"बाबा!" मैथिली ताडकन उठली. "दॅट सायलेन्स इज द होल पॉइंट!"

"पोरांनी तोंड उघडलं तर काय करशील?"

"नाही उघडणार. ट्रस्ट देम ना!"

विश्वास! गुणवंतरावांनी आयुष्यात कुठल्या दोरीवर विश्वास ठेवला नव्हता, पोरांवर कुठून ठेवणार? सुजीतने दोघांकडे बघितलं, मग कागदावरची सही आठवली असावी, आणि मान डोलावली. लाटा लागल्या. गोडाउनमध्ये करून बघितलं, मैथिलीची तर्री लाटांना चिरून स्पष्ट ऐकू आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्याच सरावाला आणखी एक झालं. कापडाखाली असताना मैथिलीला ठसका लागला. साधा ठसका, गोडाउनमध्ये धूळच तेवढी. पण खालून खोकला ऐकू आला मात्र, गुणवंतराव खुर्चीवरून उठून धावत सुटले, पोरांच्या हातातून कापड ओढलं, "पाणी आणा, पाणी!" खाली मैथिली काड्या उगारून बसलेली, आणि चाळीस जणांची हसू दाबण्याची पंचाईत. पोरीचा चेहरा रागाने लाल झाला होता.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली तशी तिने बापाचा हात धरला आणि उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"बोल. माझी शप्पथ. शोच्या दिवशी तू ग्राउंडवर येणार नाहीस. व्हॉटेव्हर हॅपन्स."

"अगं, असं काय..."

"बोल, बाबा."

बोलले. "तुझी शप्पथ, नाही येणार." आणि शब्द तोंडातून गेल्याक्षणी त्यांनी तिच्या डोक्यावरचा हात झटकन मागे घेतला. घेतलेली शपथ मोडली तर जिची घेतली तिला ती लागते, हे त्यांच्या आईने त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. इंजिनिअर झाले, परदेशी आले, पण ते काही गेलं नव्हतं. छायाताईंना कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या. "लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीत? तुम्ही? जे आरशालाही घाबरतात?"

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. संध्याकाळी मैदानावर पोचले तर गवत ओलं. नुकतेच स्प्रिंकलर चालून गेलेले. गुणवंतरावांनी ते बघितलं बरं का! बघितलं आणि त्यांचा मेंदू कामाला लागला. आयोजकांतर्फे साउंड सांभाळणारा फहद म्हणून इथलाच तरुण मुलगा होता, हिंदी फाडफाड बोलायचा, त्याला गाठलं. केबल पाण्यात आहेत, वर उचल. अर्थिंग दाखव. पोरांना बजावलं, बुटांच्या नाड्या घट्ट बांधा, घसराल. फहद हसला. "हबीबी, टेन्शन मत लो, सब चेक किया है." तरी त्यांनी स्वतः वाकून एकेक जोड बघितला. आणि ते ज्या केबलच्या कडेकडेने चालत गेले, तिच्या शेजारीच गवतावर निळ्या मांजरपाटाची भली मोठी गुंडाळी पडली होती आणि भाषणं संपेपर्यंत निवांत पाणी पीत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणायचं?

शो सुरू झाला. वल्ह्यांचा ठेका पडला आणि स्टेडियम हळूहळू गप्प झालं. झांजा चमकल्या. ढोलांच्या रांगा उघडल्या, वळल्या, होडीचा आकार झाला, वरच्या पायऱ्यांवरून लोक "वा!" म्हणाले. गुणवंतराव साउंडच्या टेबलापासून थोडे लांब, छायाताईंच्या शेजारी, आखलेल्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभे होते. नजर अनिलच्या तोंडावर. याचं तोंड उघडता कामा नये, देवा, एवढं कर.

मैथिली मध्यभागी गुडघ्यांवर बसली, ताशा समोर. कापड आलं. पोरांनी ते वर उडवलं, पण ते नेहमीसारखं फुगलं नाही. जेमतेम उठलं आणि सरळ खाली आलं. ढोल थांबले. फहदने लाटा सोडल्या.

केवढ्या मोठ्या त्या लाटा! गोडाउनच्या स्पीकरवर घरगुती वाटलेला समुद्र इथे चारी बाजूंनी चालून आला. चाळीस टिपरी हवेत, पुतळ्यांसारखी. सगळे तर्रीची वाट बघतायत. अनिलचं तोंड बंद होतं. गुणवंतरावांनी सुटकेचा श्वास घेतला आणि मग कापडाकडे बघितलं.

तर्री आली नव्हती.

जरा जास्तच ताणतेय, त्यांना वाटलं. हट्टी आहे. शांतता मागत होती ना, ती घेतेय वसूल करून. लोकही भारावून बघत होते, कुठेतरी टाळ्याही पडल्या. लाट आली, गेली. पुन्हा आली. सुजीतने हात वर धरूनच कापडाकडे मान वळवली. पण ताशाशिवाय ढोल नाही, आणि सुजीतने तरी नियम कसा मोडावा?

मग गुणवंतरावांना दिसलं की कापडाच्या मधोमध एक उंचवटा आहे आणि तो हलतोय. तालात नाही. कसाही. आणि कापडाचा रंग नेहमीचा निळा नव्हता, काळपट होता. ओला. ओलं सुती कापड. त्यातून वारा जात नाही. जाड! कुणी आणलं जाड?

"छाया, तिला श्वास घेता येत नाहीये."

"अहो, असं नका बोलू," छायाताई म्हणाल्या, पण त्यांचाही हात नवऱ्याच्या दंडावर घट्ट आवळला गेला. "तिने सांगितलंय ना. थांबा जरा."

थांबले. खरंच थांबले हो! त्या माणसाने आयुष्यभर कारण नसताना धावाधाव केली आणि नेमका तेव्हा पांढऱ्या रेषेवर पाय रोवून उभा राहिला. मनात एकच: रेषा ओलांडली तर शपथ मोडते, आणि शपथ मोडली तर तिलाच लागते. आणि नाही ओलांडली तर? मागच्या वेळी नुसता ठसका होता. आताही तसंच असेल. असेल ना? आणि नुसता ठसकाच निघाला तर पोरगी पुन्हा आयुष्यात आपलं तोंड बघणार नाही. उंचवटा हलला, खाली बसला, पुन्हा हलला.

ते वळले आणि टेबलाकडे धावले. तेवढं शपथेत बसत होतं. "फहद, बंद! आवाज बंद कर!"

"सर, ट्रॅक अभी बाकी है..."

"खलास! बंद कर, बेटा, मेरी लडकी है अंदर!"

फहदने बटण दाबलं. समुद्र गेला. आणि त्या एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये, कुणीतरी गादीखालून दार ठोठावावं तसा एक दबका आवाज ऐकू आला. ठप. ठप ठप. ठप. ती तर्री नव्हती. कुणाही ढोलवाल्याने त्याला तर्री म्हटलं नसतं. ओलं कापड ताशाच्या तोंडावर बसलं होतं आणि ती त्याच्या खालून वाजवत होती. कधीपासून वाजवत होती देव जाणे.

मग गुणवंतरावांनी शपथ मोडली.

धावले. गवतावर घसरले, गुडघ्यावर पडले, उठले, पुन्हा धावले. "सोडा! सोडा कापड!" पोरांनी कडा आणखी घट्ट धरल्या, काहीही झालं तरी सोडायचं नाही असं त्यांना शिकवलेलं. गुणवंतराव कापडावरूनच पळत मध्यापर्यंत गेले, दोन्ही मुठींत ते ओलं, जड मांजरपाट धरलं आणि ओढलं. येईना. त्यांनी दातांनी धरलं. कुठेतरी शिवण होती, ती उसवली, फाटत गेली, आणि खाली मैथिलीचं डोकं दिसलं.

केस चेहऱ्याला चिकटलेले, ओठ पांढरे, तोंडाचा आ. हात मात्र थांबले नव्हते. कापड बाजूला झालं आणि तिच्याच काड्यांखाली ताशा एकदम मोकळा कडकडला, आणि तर्री आली म्हटल्यावर नियमाप्रमाणे चाळीस ढोल एका वेळी कोसळले. स्टेडियम उठून उभं राहिलं. पाणबुड्याला वर ओढून काढणारा माणूस! काय कल्पना! शिट्ट्या, टाळ्या, मोबाइलचे उजेड.

तिने काड्या टाकल्या आणि बापाच्या शर्टाला दोन्ही हातांनी धरलं. श्वास घेत होती, मोठमोठे, घशातून आवाज करत. गुणवंतराव तिला छातीशी धरून गवतावर बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. ती काहीतरी बोलत होती. ढोलांत ऐकू येईना. त्यांनी कान तिच्या तोंडाशी नेला.

"किती उशीर केलास, बाबा. मी वाजवत होते. ऐकू नाही आलं तुला?"

"नाही आलं, बाळा," गुणवंतराव म्हणाले. "मीच लाटा लावल्या होत्या ना."